कल्टिव्हेटरच्या ब्रॅकेटचं एफईएम: वेल्डजवळचा खरा स्ट्रेस कोणता धरायचा?

वणीकर_फॅब
काळ्या भारी जमिनीत चालणारा कल्टिव्हेटर आहे. फण (२० × ५० मिमी फ्लॅट) ज्या १० मिमी प्लेटला (म्हणजे ब्रॅकेटला) वेल्ड केलाय, ती प्लेट वेल्डच्या कडेला तडकते. फ्रीकॅड या सॉफ्टवेअरमध्ये एफईएम केलं (म्हणजे भागाचे छोटे तुकडे, एलिमेंट, पाडून प्रत्येकातला ताण, स्ट्रेस, काढला), पण या तुकड्यांची जाळी बारीक केली की स्ट्रेस वाढतच जातो: १८०, २६०, ४१० मेगापास्कल. यातला खरा कोणता? मातीही मॉडेलमध्ये घ्यावी का? लॅपटॉप ८ जीबीचा आहे.

जाळीवाला
भाऊ, तिन्ही सोडा. आतला कोपरा धारदार काढला की तिथला स्ट्रेस जाळीसोबत वाढतच राहणार, तो कुठं थांबतच नाही. वेल्डच्या कडेपासून प्लेटवर ०.४ जाडी आणि १ जाडी अंतरावर, म्हणजे तुमच्याकडं ४ आणि १० मिमीवर, प्लेटच्या पृष्ठभागावरचा वेल्डच्या कडेला काटकोनातला स्ट्रेस वाचा. मग १.६७ × (४ मिमीचा) वजा ०.६७ × (१० मिमीचा). हाच हॉट-स्पॉट स्ट्रेस, म्हणजे वेल्डच्या कडेला धरायचा स्ट्रेस. तिथं एलिमेंट ४ मिमीपेक्षा मोठा नको.

एलिमेंट दुसऱ्या ऑर्डरचेच (कडांच्या मध्यावरही नोड, म्हणजे जोडबिंदू, असलेले), फ्रीकॅडमागं गणित करणाऱ्या कॅल्क्युलिक्समध्ये सी३डी१०. चार नोडचा टेट्रा (चार पृष्ठांचा तुकडा) वाकताना फाजील ताठ वागतो आणि स्ट्रेस कमी दाखवतो. बोल्टचे आटे, बारीक चॅम्फर आधी काढून टाका, जाळी तिथंच बिघडते.

आलेला आकडा यील्डशी (स्टील कायमचं वाकायला लागतं त्या स्ट्रेसशी) ताडू नका, हा फटीगचा, म्हणजे भार पुन्हापुन्हा येऊन तडा जाण्याचा मामला आहे. भार वाहणाऱ्या फिलेट वेल्डला एफएटी ९० हा फटीगचा वर्ग धरतात: २० लाख फेऱ्यांना ९० मेगापास्कलची रेंज, म्हणजे कमीत कमी आणि जास्तीत जास्त स्ट्रेसमधला फरक.

मुरूम_पट्टा
त्याआधी कागदावर करा जी. टोकाला २००० न्यूटन, उंची ४५० मिमी धरली तर मोमेंट (वाकवणारा जोर गुणिले अंतर) ९ लाख न्यूटन-मिमी. सेक्शन मॉड्युलस (छेदाची वाकण्याविरुद्धची ताकद) २० × ५० × ५० ÷ ६ = ८३३३ घन मिमी; मोमेंटला यानं भागा. फणाच्या मुळाशी स्ट्रेस १०८ मेगापास्कल, सरळ फणाचं टोक सुमारे १.४ मिमी वाकेल. मॉडेल याच्या आसपास नसेल तर युनिट किंवा आधार चुकलाय. मिमी-न्यूटनमध्ये स्टीलचा ई (ताठपणाचा आकडा) २१०००० मेगापास्कल, घनता मात्र ७.८५ × १०⁻⁹ टन प्रति घन मिमी. कंपनाचं गणित करताना इथंच घोळ होतो.

माती घेऊ नका. ती फणापुढं फाटते, वाहते, आणि एफईएमची जाळी पिळून गणित मध्येच थांबतं. ढेकळं फुटताना पाहायचीच असतील तर डीईएम, म्हणजे माती सुट्या कणांची धरून केलेलं गणित; त्यासाठी ‘येडे’ (Yade) नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. पण त्यातले घर्षण-चिकटपणाचे आकडे डायरेक्ट शिअर चाचणीवरून (मातीचा नमुना आडवा सरकवून पाहण्याची चाचणी) जुळवावे लागतात, आणि ओल्या व वाळलेल्या काळ्या मातीला वेगवेगळे. ब्रॅकेटसाठी डायनामोमीटरनं (ओढ मोजायच्या यंत्रानं) मोजलेला ओढच पुरे.

वणीकर_फॅब
अन् धोंडा लागला तर?

मुरूम_पट्टा
स्प्रिंगवाला फण असेल तर स्प्रिंग उघडायला लागणारा जोर मोजा, साधारण तोच सर्वांत मोठा भार. तो टोकाला सरळ लावा, मग थोडा आडवाही. फण एका कडेनं धोंड्यावर घासला की प्लेट पिळली जाते, आणि हे सरळ भारात दिसतच नाही.