स्टुडिओत जुळवलेले डोंगर खोटे का?

जलरंगी: काल इथं एकानं लिहिलं, "कास्पार डाविड फ्रीडरिश म्हणजे धुकं, चंद्र आणि पाठमोरी माणसं. कॅलेंडरचा माल. डोंगरसुद्धा स्टुडिओत जुळवलेले, खोटे." या जर्मन चित्रकाराबद्दल असं वाचून राहवेना म्हणून लिहितोय. 'बर्फाचा समुद्र' (१८२३-२४) बघा. ना चंद्र, ना माणूस. फुटलेल्या बर्फाच्या लाद्यांचा ढीग आणि बाजूला गाडलं गेलेलं जहाज. तेरा वर्षांचा असताना त्याच्या डोळ्यांदेखत भाऊ बुडाला होता. हे चित्र त्याच्या हयातीत विकलं गेलं नाही. कॅलेंडरवाला असं काही काढतो?

उन्हाळ: ते मीच लिहिलंय आणि त्यावर ठाम आहे. धुक्याकडे बघणाऱ्या प्रवाशाचं त्याचं चित्र घ्या. त्यातले खडक जर्मनीतल्या एल्बे नदीकाठच्या डोंगरांत वेगवेगळ्या ठिकाणी रेखाटलेत आणि ड्रेस्डेन शहरातल्या स्टुडिओत एका कॅनव्हासवर आणून बसवलेत. तशी जागा कुठंच नाही. मी तीस वर्षं नदीच्या घाटावर उन्हात बसून काम करतो, सावली सरकायच्या आत. दोन्हीला निसर्गचित्रच म्हणायचं?

खडूचा तुकडा: हे 'जागेवर, जागेवर' ऐकलं की डोकं उठतं. सातवीत चित्रकलेच्या सरांनी माझं भातखाचरांचं चित्र वर्गासमोर फाडलं. का, तर आठवणीतून काढलं होतं. आजी गेल्यावर ती जमीन विकली होती, जागेवर बसणार कुठं? नंतर पंधरा वर्षं ब्रश हातात धरला नाही.

उन्हाळ: सरांचं चुकलंच. पण त्यांचा राग माझ्यावर का काढताय?

खडूचा तुकडा: कारण "खोटं" हा शब्द त्यांचाही होता! फ्रीडरिश बाहेर हिंडून एकेक झाड, एकेक खडक पेन्सिलीनं टिपायचा आणि तेच रेखाटन कित्येक वर्षांनी चित्रात घ्यायचा. 'समुद्रकाठचा भिक्षू'मध्ये रंगाखाली जहाजं सापडली आहेत. आधी काढली, मग स्वतःच झाकून टाकली.

एल्बेकाठ: मी ड्रेस्डेनला राहतो. बाबा गेल्यावर आई इथं आली होती. फ्रीडरिशच्या चंद्राकडे बघणाऱ्या दोघांच्या चित्रासमोरून हलेना. म्हणाली, "आम्ही गच्चीवर असेच उभे राहायचो." चित्रातली जागा कुठली, हे तिनं विचारलं नाही.

उन्हाळ: आईंबद्दल आदर आहे, पण रडू आलं म्हणून चित्र थोर ठरत नाही.

जलरंगी: मग तुमच्याच पंथातल्या माणसाचं ऐका. नॉर्वेचा चित्रकार डाल समोरचं आभाळ बघून ढगांचे अभ्यास रंगवायचा. १८२३ पासून तो आणि फ्रीडरिश एकाच घरात राहत होते. तो 'बर्फाचा समुद्र' फ्रीडरिशच्या मृत्यूनंतर या डालनंच घेतला.

उन्हाळ: डालचं मान्य करावं लागेल. "खोटे" मागे घेतो. "जुळवलेले" घेणार नाही. आणि ते भाताचं चित्र परत काढलंत का?

खडूचा तुकडा: नाही. बांध कुठून वळत होता, ते आता नीट आठवत नाही.