‘नामशेष’ घोडा आणि ‘संग्राहक’ माणूस

प्रश्न : शाळकरी मुलांसाठी लेख लिहिते आहे. अमेरिकेतले प्राचीन घोडे ‘नामशेष’ झाले म्हणू, की ‘लुप्त’? आणि त्यांना मारून खाणाऱ्यांना ‘शिकारी-संग्राहक’ म्हटलं तर मुलांना कळेल का?

– ताई, ‘लुप्त’ नको. सरस्वती लुप्त झाली म्हणतो तेव्हा ती कुठेतरी खाली वाहते आहे असं मनात असतं. रुळलेला शब्द ‘नामशेष’च. पण त्याची फोड करून बघा : ज्याचं फक्त नाव उरलं ते. इथे नेमकं उलट झालंय. कॅनडातल्या आल्बर्टा प्रांतात सेंट मेरी जलाशयाचं पाणी उतरलं, वाऱ्यानं माती उडाली आणि घोड्यांच्या, उंटांच्या, मॅमथच्या पावलांचे ठसे उघडे पडले. तिथेच माणसांनी फाडलेल्या सात घोड्यांची आणि एका उंटाची हाडं मिळाली, सुमारे 13,300 वर्षांपूर्वीची. हाडं उरली, पण शिकारी त्या जनावराला काय म्हणत ते गेलं. पुढे त्या खंडात घोडाच राहिला नाही. स्पॅनिश लोकांबरोबर तो परत आला, तेव्हा याच मुलखातल्या ब्लॅकफूट लोकांनी त्याला नवं नाव दिलं : पोनोकाओमिता. ‘पोनोका’ म्हणजे एल्क, सांबरासारखं मोठं हरीण. आणि ‘इमिता’ म्हणजे कुत्रा. तोवर त्यांचं सामान कुत्रेच ओढत, म्हणून ओझं वाहणारा हा नवा प्राणीही कुत्राच.

तेव्हा मी लिहीन : ‘अमेरिकेतून घोडा नाहीसा झाला.’ आशियात तो होताच, त्यामुळे ‘अमेरिकेतून’ हा शब्द गाळू नका. एखाद्या विशिष्ट जातीबद्दल लिहाल तिथे ‘नामशेष’ खुशाल वापरा.

– अमेरिकेतल्याच मूळ रहिवाशांच्या लाकोटा भाषेतही घोडा म्हणजे ‘शुन्का वाकान’, पवित्र कुत्रा. आपण मात्र मोठेपणा घोड्यावरून मोजला : घोडचूक, घोडनवरी.

– ‘संग्राहक’ मला खटकतो. संग्राहक म्हटलं की जुनी नाणी, पोस्टाची तिकिटं जमवणारा डोळ्यांपुढे येतो. संग्रहात साठवण आहे, आणि ही माणसं तर सतत फिरती. बिऱ्हाड पाठीवर घेऊन किती साठवणार? आपल्याकडे रानात जाऊन करवंदं, मोहाची फुलं वेचतात. ते ‘वेचणं’ इथे चपखल बसतं. ‘शिकार करून आणि कंदमुळं-फळं वेचून जगणारी माणसं’ असं सरळ लिहा. लांब होतं, पण पाचवीतल्या मुलाला कुणाला विचारावं लागत नाही.

– ‘वेचणं’ घेते. आणि पोनोकाओमिताची गोष्ट लेखाच्या सुरुवातीलाच टाकते.