ग्लुकोमीटर निवडताना काय पाहावे?

प्रश्न: वडिलांना नुकताच मधुमेह निघाला असून त्यांना बारीक अक्षरे दिसत नाहीत. घरी रक्तातील साखर मोजण्यासाठी कोणते यंत्र (ग्लुकोमीटर) घ्यावे?

उत्तर १: यंत्राआधी पट्ट्यांचा (ज्यांवर रक्ताचा थेंब घेऊन तपासणी होते) विचार करा, कारण यंत्र एकदाच घ्यायचे असते, पट्ट्या मात्र कायम लागतात आणि एका यंत्राच्या पट्ट्या सहसा दुसऱ्यात चालत नाहीत. आकडा बोलून सांगणारी यंत्रेही मिळतात.

उत्तर २: ग्लुकोमीटरच्या अचूकतेसाठीच्या आयएसओ १५१९७:२०१३ या आंतरराष्ट्रीय मानकाचा उल्लेख पाहावा. त्यानुसार १०० मिग्रॅ/डेलि (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) व त्यापुढील किमान ९५ टक्के मापने प्रयोगशाळेच्या आकड्याच्या १५ टक्क्यांच्या आत असावी लागतात. त्यामुळे २०० च्या जागी १८० दिसले, म्हणून लगेच यंत्राला दोष देऊ नये.

उत्तर ३: वडिलांना रक्तक्षय असल्यास अनेक यंत्रांत साखर प्रत्यक्षाहून जास्त दिसते, हे डॉक्टरांशी आधी बोलून घ्यावे.