मदत हवी आहे: पूलमध्ये पुढचे शॉट आधीच कसे ठरवतात?

नमस्कार मंडळी,

पूल (टेबलावर क्यूच्या काठीने बॉल पॉकेटमध्ये घालायचा खेळ) खेळायला लागून दोन वर्षं होतील. पॉटिंग, म्हणजे बॉल पॉकेटमध्ये घालणं, आता बऱ्यापैकी बसलंय, अँगल दिसला की बॉल सहसा जातो. अडतं ते पुढे. एक गेला, दुसरा गेला आणि तिसऱ्याच्या वेळी पांढरा (ज्याने बाकीचे मारायचे तो बॉल) असा कुठेतरी जाऊन बसतो की एकतर मधे समोरच्याचा बॉल येतो नाहीतर कामाचा अँगलच उरत नाही. मग जोर लावून काहीतरी मारायचं आणि टेबल समोरच्याला द्यायचं. चांगल्या खेळाडूंचं बघितलं तर वाटतं ह्याला सगळे सोपेच शॉट मिळालेत की, पण प्रत्येक गेममध्ये सोपेच मिळतात म्हणजे ते त्याने तसे आणलेत एवढं मला कळतं, कसे आणलेत ते कळत नाही.

परवाचा एक गेम सांगतो म्हणजे नेमकं कुठे बिघडतं ते कळेल. एट बॉल चालू होता (आपल्या गटाचे सगळे घालवून शेवटी काळा घालायचा), माझे दोनच राहिले होते, ३ आणि ६, मग काळा. ३ नंबर डाव्या लांब कुशनपासून (टेबलाच्या कडेपासून) चार बोटांवर, डावं मधलं पॉकेट आणि वरचा डावा कोपरा यांच्या बरोबर मधे. ६ नंबर उजव्या मधल्या पॉकेटसमोर एक वीत अंतरावर. काळा खालच्या आखूड कुशनपासून दोन वीत वर, मधोमध. मी ३ ला वरच्या डाव्या कोपऱ्यासाठी जवळजवळ सरळ होतो. विचार केला की पांढरा ६ च्या जेवढा जवळ जाईल तेवढं बरं, म्हणून चांगला बॅक (उलटी फिरकी) दिला. ३ गेला, पांढरा कुशनच्या कडेकडेने मस्त मागे आला, मधलं पॉकेट ओलांडून वीतभर खाली थांबला. ६ चा पॉट अगदी सोपा दिसत होता, पातळ कट (कडेला लावून तिरका घालणं) नाही काही नाही. पण वाकून निशाणा धरला तेव्हा लक्षात आलं की इथून मारला तर पांढरा वर जाणार आणि काळा तर खाली आहे! मग वरच्या कुशनला लावून आख्खं टेबल खाली आणू म्हणून जोरात मारला, ६ पॉकेटच्या तोंडावर थरथरला आणि बाहेर राहिला. पुढच्याने तिथून गेम संपवला.

म्हणजे पुढचा बॉल मी बघतच होतो, तरी फसलो. हे मला सारखं खुपतंय. म्हणून विचारतो, ही मंडळी पहिल्या शॉटच्या आधीच सगळं टेबल ठरवून टाकतात का दोन-तीन बॉलच बघतात? आणि पांढरा कुठे थांबवायचा ही जागा नेमकी कशावरून ठरवतात? ब्रेकनंतर (पहिल्या फोडीनंतर) स्ट्राइप (पट्ट्याचे बॉल) घ्यायचे का सॉलिड (एकरंगी) हे मी आत्तापर्यंत पॉकेटजवळ कोणाचे जास्त आहेत त्यावरून ठरवत आलोय, तेही चुकतंय का? ज्यांना जमतं त्यांनी कृपया सविस्तर सांगा.

—

प्रतिसाद:

तुम्ही मांडणी इतकी व्यवस्थित दिलीत की टेबल डोळ्यासमोर आलं. तुमचा बॅक चुकला नाही, जागा चुकली. तुम्ही ६ च्या जवळ जायचं ठरवलंत, ६ च्या कोणत्या बाजूला जायचं ते ठरवलं नाहीत.

६ पासून उजव्या मधल्या पॉकेटपर्यंत मनात एक रेघ ओढा आणि तीच रेघ मागे डाव्या कुशनपर्यंत न्या. पांढरा ह्या रेघेच्या वरच्या अंगाला असेल तर ६ मारल्यावर तो आपोआप खाली जातो, खालच्या अंगाला असेल तर वर. बॉल पॉकेटकडे ज्या रेषेत जातो तिला काटकोन करून पांढरा निघतो, स्टन शॉट (टेकताना पांढरा न फिरता नुसता घसरतो) असेल तर अगदी तसाच, फॉलो (पुढची फिरकी) किंवा बॅक असेल तर मग वळतो. काळा खाली म्हणजे तुम्हाला रेघेच्या वरच राहायचं होतं. आणि तुम्ही वरच होतात! ३ ला साधा स्टॉप शॉट मारला असता, पांढरा जागेवर थांबला असता, तिथून ६ ला साधारण अर्ध्या बॉलचा कट होता, पॉट तुम्हाला मिळाला त्यापेक्षा थोडा अवघड पण पांढरा मऊ हाताने खाली आला असता आणि काळा खालच्या डाव्या कोपऱ्यात. म्हणून म्हणतो, सोपा पॉट आणि बरोबर पॉट ह्यात फरक करायला शिका, सगळा पॅटर्न (शॉटचा क्रम) तिथेच आहे.

हे उलटीकडून ठरतं. काळा कुठल्या पॉकेटमध्ये? त्यासाठी पांढरा कुठे हवा? तिथे तो कोणत्या बॉलवरून सहज येईल? तुमच्या गेममध्ये तो ६ होता, त्याला 'की बॉल' (key ball) म्हणतात, मग ३ चा शॉट ६ साठी नाही तर ६ वरून काळ्यावर जाण्यासाठी मारायचा. म्हणजे कायम तीन बॉल डोक्यात, हातातला, त्याच्या पुढचा आणि त्याच्याही पुढचा, कारण दुसऱ्या बॉलची बाजू तिसरा ठरवतो. एक बॉल गेला की तिघांत पुढचा एक घ्यायचा. चांगले खेळाडू आख्खं टेबल बघतात हे खरं, पण ते ढोबळ, कुठे अडणार आणि शेवट कशावर. बारीक हिशोब तिघांचाच, आणि पांढरा हातभर इकडे तिकडे झाला की तो पुन्हा मांडतात.

नाइन बॉलमध्ये क्रम बांधलेला असतो, सगळ्यात लहान नंबर आधी, त्यामुळे तिथे फक्त बाजू आणि वेग. एट बॉलमध्ये क्रम पण तुम्हीच लावता म्हणून मला तो जास्त डोक्याचा वाटतो.

अजून एक. पांढरा त्या रेघेला आडवा येत असेल तर वेग जरासा चुकला की बाजू बदलते. हव्या त्या बाजूनेच, रेघेच्या दिशेने लांबून येत असेल तर वीतभर कमी-जास्त झालं तरी चालतं. दोन्ही वाटा असतील तेव्हा दुसरी घ्या, पॉट किंचित अवघड पडला तरी.

—

प्रतिसाद:

वर छान सांगितलंय. स्ट्राइप-सॉलिडबद्दल लिहितो. पॉकेटच्या तोंडावरचे बॉल मोजू नका, ते कुठे पळून जात नाहीत आणि समोरच्याची वाट पण अडवतात. अडकलेले मोजा. दोन बॉल चिकटलेत, एक काळ्याला टेकलाय, एक कुशनला घट्ट, असे ज्या गटात कमी तो गट घ्या. आणि क्लस्टर (चिकटलेल्या बॉलचा घोळका) फोडायचाच असेल तर लवकर फोडा, पण फोडल्यावर काही झालं तरी मारता येईल असा एक सोपा बॉल शिल्लक असतानाच. तुम्ही शेवटचे दोन उरल्यावर फोडायला गेलात तर नंतर हातात काहीच नसतं.

पॅटर्न शिकायचा तर स्ट्रेट पूल खेळून बघा. १४ बॉल घालवून पंधरावा ठेवायचा, १४ परत रॅक करायचे (त्रिकोणात लावायचे), आणि पंधरावा घालता घालता रॅक फोडायचा. म्हणजे तो पंधरावा कोणता आणि त्याच्या आधीचा कोणता हे खूप आधीपासून जपावं लागतं. अमेरिकन खेळाडू विली मॉस्कोनीने १९५४ मध्ये असे सलग ५२६ घातले होते, आणि इतके सलग जातात ते शॉट सोपे ठेवल्यामुळेच.

—

धागाकर्ता:

दोघांचेही मनापासून आभार. काल तीच मांडणी टेबलवर लावली, ३, ६ आणि काळा, पांढरा हातात घेऊन. रेघ मनात येईना म्हणून सरळ खडू रेघेच्या शेवटी कुशनवर ठेवला आणि ठरवलं की खडूच्या वरच थांबायचं. आणि काय सांगू, पांढरा ६ वरून निघून स्वतःच काळ्याच्या मागे येऊन उभा राहिला, मी काही केलंच नाही असं वाटलं. दोन वर्षांत हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

एक अडचण मात्र आहे. ३ जवळ असताना स्टॉप शॉट थांबतो, पण लांबून मारला की तेवढाच खाली मारूनही पांढरा वीतभर पुढे सरकतो. क्यू वर जातोय का माझा?

—

प्रतिसाद:

क्यू ठीक असेल. कापडाच्या घर्षणाने उलटी फिरकी वाटेतच मरते आणि पांढरा पुढे लोळायला लागतो. अंतर वाढलं की अजून खाली मारा किंवा वेग वाढवा, टेकण्याच्या क्षणी पांढरा फिरता नको, नुसता घसरता हवा. एक-एक डायमंड (टेबलाच्या कडेवरची खूण) मागे जात हाच शॉट मारत राहा.