विधवा प्रथा: प्रत्यक्ष वेळ आली तेव्हा तुमच्याकडे कोण उभं राहिलं? अनुभव सांगा

शिरोळकर लेक
नमस्कार सगळ्यांना. मे २०२२ मध्ये आमच्या शिरोळ तालुक्यातल्या (जि. कोल्हापूर) हेरवाड गावाने ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र तोडायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, जोडवी काढायची नाहीत. शाहू महाराजांची स्मृतिशताब्दी होती तेव्हा. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही हेच करा म्हणून कळवलं. पण मयताच्या घरात, रडारड चाललेली असताना, हे थांबवतं कोण? मला ते ऐकायचंय.

माझ्यापासून सुरू करते. मागच्या वर्षी बाबा गेले. भावकीतल्या दोन म्हाताऱ्या बांगड्या फोडायला पुढं आल्या, तर आईच्या बचत गटाच्या सात-आठजणी आधीच तिला चिकटून बसलेल्या. एकीने आईचे दोन्ही हात आपल्या पदराखाली घेतले ते सोडलेच नाहीत. 'आत्या, ऱ्हाऊ द्या आता', एवढंच म्हणाली. शब्दाला शब्द नाही वाढवला कुणी, पण जागचीही हलली नाही एकही. आईच्या हातात आजही त्याच हिरव्या बांगड्या आहेत, दोन पिचल्यात, तरी काढत नाही.

माजी सदस्य, वाळवा
आमच्या ग्रामसभेत हात सगळ्यांनी वर केले, टाळ्या पण झाल्या, आणि दोनच महिन्यांनी गावात मयत झालं तेव्हा सगळं जुन्या पद्धतीनंच झालं. मी तिथंच होते आणि गप्प बसले, ते अजून टोचतंय मला. नंतर लक्षात आलं की ठराव गावाचा असला तरी त्या घराला आधी कुणीतरी विचारलेलं पाहिजे, दुःखात कुणाला भांडायचं बळ असतं? मग गावची आशा सेविका, अंगणवाडी सेविका आणि आम्ही तिघी सदस्यांनी ठरवलं, कुणी फार आजारी आहे कळलं की घरी जाऊन बसायचं, मुलांशी आणि दिरांशी बोलून ठेवायचं. सर्वात जास्त विरोध म्हाताऱ्या विधवांचाच असतो. त्यांना राग येतो, आम्ही एवढं सोसलं ते काय फुकटच का, असं वाटतं त्यांना. त्यांच्याशी वाद घालू नका, आधी त्यांना हळदीकुंकू लावा. आमच्याकडे एका आजीने चाळीस वर्षांनी कुंकू लावून घेतलं, आरसा मागितला आणि बराच वेळ काही बोललीच नाही. पुढच्या मयताला तीच आमच्या शेजारी बसली होती.

बार्शीचा एक नवरा
पुरुषांनी काय करायचं ते लिहितो. करमाळ्याचे सामाजिक कार्यकर्ते प्रमोद झिंजाडे यांनी स्टॅम्प पेपरवर लिहून दिलं होतं की माझ्या मृत्यूनंतर पत्नीवर ही प्रथा लादू नये, ते वाचून आम्ही चार मित्रांनी तसंच लिहून दिलं. बायको आधी चिडली, अभद्र बोलू नका म्हणाली, दोन दिवस अबोला. मग स्वतःच कागद मागून घेतला आणि रेशन कार्डाच्या पिशवीत ठेवला. माझ्या आईला पण वाचून दाखवला, कारण वेळ आली तर शब्द तिचा चालणार. १८९० मध्ये मुंबईच्या नाभिकांनी कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडेंच्या पुढाकाराने ठरवलं होतं ना, की विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही! रोजच्या पोटाचं काम होतं त्यांचं. आपल्याला तर एका कागदावर सहीच करायचीय.

कोथरूडची काकू
मी स्वतः विधवा. शहरात बांगड्या कुणी फोडत नाही, पण संक्रांतीचं बोलावणं बंद होतं. आमच्या सोसायटीतल्या मुलींनी तीन वर्षांपूर्वी हळदीकुंकवाचं तिळगूळ संमेलन केलं, सगळ्याजणींना, झाडूवाल्या मावशींना पण. वाण एकच, सगळ्यांना सारखं. पहिल्या वर्षी मी दारातच उभी राहिले होते, पाय आत पडेना. काहीजणी म्हणतात हळदीकुंकू मुळातच बंद करा, मला ते पटतं पण आणि नाही पण. पंधरा वर्षांनी कुणीतरी ओटी भरली हो माझी.

एकल, बीड
कुंकवाइतकंच जमिनीचं पण बोला. नवऱ्याने आत्महत्या केली, दीर म्हणाला सातबाऱ्यावर तुझं नाव कशाला, पोरगा मोठा झाला की त्याचं लागंल. कायद्याने बायको, मुलं, मुली आणि सासू सगळ्यांचा वाटा सारखा, हे मला आमच्या गटातल्या बाईने सांगितलं. एकटी गेले की तलाठ्याकडून उद्या या, परवा या. मग आम्ही सहाजणी वडापच्या जीपने एकत्र जायला लागलो, एकीचं काम असलं तरी सहाजणी. मृत्यूचा दाखला, वारसांचं शपथपत्र आणि अर्जाची पोच, हे तिन्ही प्रत्येकीच्या पिशवीत. पोच घेतल्याशिवाय उठायचंच नाही. मग फेरफाराची, म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव बदलायची नोटीस निघाली, हरकतीचे पंधरा दिवस गेले, त्या पंधरा दिवसात रात्री झोप नव्हती, कारण दीर रोज दारावरून खाकरत जायचा. गटातली एकजण माझ्याकडेच मुक्कामाला राहिली तेवढे दिवस.

शिरोळकर लेक
बीडच्या ताई, नाव लागलं का?

एकल, बीड
लागलं. माझं, दोन पोरींचं, पोराचं, सासूचं. उताऱ्याच्या सहा झेरॉक्स काढल्या, सहाजणींना एकेक.