अनुभव धागा : ‘स्पायडर-व्हर्स’मधील कोणते दृश्य आपल्या मनात राहिले, आणि का?

‘स्पायडर-मॅन : इनटू द स्पायडर-व्हर्स’ 2018 मध्ये आला आणि पुढच्या वर्षी फेब्रुवारीत त्याला सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचे ऑस्कर मिळाले. त्याचा दुसरा भाग, ‘अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’, जून 2023 मध्ये प्रदर्शित झाला. पुण्यात या चित्रपटांचे चाहते भरपूर आहेत. माझे ठाम मत असे आहे की सुपरहिरोंच्या इतर चित्रपटांत जे काम संवादांना करावे लागते, ते येथे चित्र काढण्याच्या पद्धतीनेच साधले आहे. आपल्याला हे कोणत्या दृश्यात जाणवले, ते कृपया सविस्तर लिहावे. केवळ ‘भारी आहे’ एवढ्यावर थांबू नये.

सुरुवात मीच करतो. पडद्यावर सेकंदाला 24 चौकटी सरकतात. नुकताच स्पायडर-मॅन झालेला ब्रुकलिनचा शाळकरी मुलगा माइल्स मोरालेस बर्फाळ जंगलातून मुरलेल्या स्पायडर-मॅनबरोबर, म्हणजे पीटर पार्करबरोबर, झोके घेत निसटतो, तेव्हा पीटरची आकृती प्रत्येक चौकटीत बदलते, माइल्सची मात्र दोन चौकटी तशीच राहते. म्हणजे त्याच्या वाट्याला सेकंदाला 12 चित्रेच येतात, आणि त्यामुळे दोघे एकाच झाडावरून उडी घेत असले तरी हा मुलगा अजून नवखा आहे हे डोळ्यांना आपोआप कळते. पुढे तो उंच इमारतीवरून स्वतःला झोकून देतो तेव्हा ही अडखळ उरलेली नसते. त्या उडीतही एक बारकावा आहे : काचेला चिकटलेली बोटे सुटत नाहीत, त्यामुळे काचच फुटून त्याच्या हाताबरोबर येते. भीती गेलेली नाही, तरीही त्याने उडी घेतली आहे. त्यानंतर चौकट उलटी होते आणि खाली कोसळणारा माइल्स शहराच्या दिशेने वर चढताना दिसतो. सुपरहिरोपटांतील इतके नेमके दृश्य मी दुसरे पाहिलेले नाही.

नारायण पेठ

आमचा ऑफसेटचा छापखाना होता. नातवाने मला हा चित्रपट दाखवायला नेले, तेव्हा माझे लक्ष कथेच्या आधी ठिपक्यांकडे गेले. गालांवर, भिंतींवर, सावल्यांत सगळीकडे छपाईचे ठिपके आहेत. त्याहून विशेष म्हणजे दूरच्या वस्तू कॅमेऱ्यातल्याप्रमाणे नुसत्या धूसर न करता त्यांचे रंग एकमेकांपासून किंचित सरकवलेले आहेत. छपाईत दोन रंगांच्या प्लेटा जुळल्या नाहीत की कागदावर नेमके असेच दिसते. आमच्याकडे असा कागद निघाला की मशीन थांबवावे लागे. मग मशीनमन कागदाच्या कडेच्या खुणा भिंगातून तपासून प्लेट केसभर इकडेतिकडे करीत असे, आणि चारही रंग एकावर एक बसेपर्यंत निघालेला सगळा कागद रद्दीत जाई. स्वस्तातल्या जुन्या कॉमिक्समध्ये मात्र हा दोष सर्रास राहून जात असे. तो दोष या मंडळींनी समजून उमजून, कोठे आणि किती सरकवायचा हे ठरवून वापरला आहे. ज्या कागदावर स्पायडर-मॅन जन्मला, त्या कागदाचा त्यांनी राखलेला हा मान मला फार मोलाचा वाटतो.

सहकारनगर

मी थोडक्यात लिहिते. माइल्सचे वडील जेफरसन वसतिगृहातील त्याच्या खोलीच्या बंद दाराशी येऊन मनातले सगळे बोलतात, आणि आत माइल्स जाळ्याने खुर्चीला जखडलेला, तोंडही बंद. उत्तर देता येत नाही. माझा मुलगा शिक्षणासाठी बाहेरगावी राहतो. फोनवर तो गप्प झाला की मला हे दार आठवते.

औंध

वर काकांनी छपाईविषयी लिहिले, तसे मला दुसऱ्या भागातील जलरंगांविषयी लिहायचे आहे, कारण मी चित्रकला शिकवते. ग्वेन स्टेसी ही दुसऱ्या एका विश्वातील मुखवटाधारी स्पायडर-वुमन; तिच्या विश्वात पार्श्वभूमी स्थिर नाही. भिंतींचा रंग ओघळतो, पसरतो, तिच्या मनाप्रमाणे बदलतो. तिचे वडील पोलीस अधिकारी आहेत. तीच मुखवट्यामागे आहे हे कळल्यावर ते तिला अटक करू पाहतात. त्यानंतर बऱ्याच काळाने दोघे समोरासमोर येतात, आधी एकमेकांना बोल लावतात आणि मग वडील नोकरी सोडल्याचे सांगतात, तेव्हा खोलीचा रंगच पालटतो. त्या वेळी खोलीतल्या वस्तूंच्या कडा जवळजवळ विरून गेलेल्या असतात आणि आपल्यासमोर फक्त दोन माणसे उरतात. ओल्या कागदावर किती पाणी सोडावे आणि कोठे थांबावे, हे शिकवताना मी विद्यार्थ्यांना हेच दृश्य दाखवते.

पिंपळे सौदागर

माझे मत थोडे वेगळे आहे. दुसरा भाग 140 मिनिटांचा आहे आणि कथा ऐन भरात आली असताना तो थांबतो, हे मला खटकले. मात्र माझा खरा आक्षेप मुंबॅटन या त्यातील शहराविषयी आहे. तेथील स्पायडर-मॅन पवित्र प्रभाकर हे पात्र 2004 च्या भारतीय कॉमिक्समालिकेतून आले आहे आणि त्याचे शहर मुंबई व मॅनहॅटन यांच्या मिश्रणातून रचलेले आहे. एकमेकांवर रचलेले रस्ते, भडक रंग, वाहनांची दाटी हे सारे पाहून ऊर भरून आला, पण ते शहर डोळ्यांत मावण्याआधीच पूल कोसळू लागतो. तेथे माइल्स इन्स्पेक्टर सिंग यांना वाचवतो आणि पुढचा सगळा संघर्ष त्यातूनच पेटतो. एवढा महत्त्वाचा प्रसंग जेथे घडतो, त्या शहराला आणखी वेळ मिळायला हवा होता. माइल्स सतत स्वतःवर शंका घेतो, पवित्र मात्र सगळे सोपे असल्यासारखा वावरतो. पूल पडताना त्याच्या चेहऱ्यावर प्रथमच भीती दिसते, आणि त्या भीतीपाशी चित्रपट जरा थांबला असता तर पवित्र आम्हाला आपला वाटला असता.

चित्रपट भारतात मराठीसह 10 भाषांत आला होता, पण सोयीच्या वेळेचा मराठी खेळ न मिळाल्यामुळे आम्ही शुभमन गिलच्या आवाजातला हिंदी पवित्र ऐकला. मराठी आवृत्ती कोणी चित्रपटगृहात पाहिली असेल, तर पुलावरच्या त्या प्रसंगात पवित्र कसा बोलतो, हे जरूर लिहावे.