मदत हवी आहे : यवतमाळच्या नकाशाचे लेयर (थर) एकमेकांवर बसत नाहीयेत, एक्स्टेंट (लेयरची चारी बाजूंची हद्द) आणि सीआरएस (आकडे कुठल्या मोजणी-पद्धतीतले ते) नक्की कसा तपासायचा?

नमस्कार मंडळी, यवतमाळ जिल्ह्यातल्या विहिरींच्या पाणीपातळीचा नकाशा क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये बनवतोय, पावसाळ्याआधी तो गावागावांत पोचवायचाय. डेटा वेगवेगळ्या ठिकाणांहून आलाय आणि काही केल्या एकावर एक बसत नाहीये.

विहिरींचे पॉइंट मोबाईलच्या जीपीएसने घेतलेत, म्हणजे सीआरएस ४३२६ (डब्ल्यूजीएस ८४ वरचे अंशातले अक्षांश-रेखांश). लेयर प्रॉपर्टीजच्या इन्फर्मेशनमध्ये एक्स्टेंट बघितला तर खालची बाजू शून्यापासून सुरू, कारण काही ओळींत अक्षांश-रेखांश ०,० भरलेले होते आणि ते पॉइंट पार आफ्रिकेच्या पश्चिमेला समुद्रात. त्या ओळी काढल्यावर रेखांश ७७.४ ते ७९ आणि अक्षांश १९.५ ते २०.६ असं व्यवस्थित आलं, ते ठीक आहे.

गावांच्या हद्दींच्या दोन शेपफाइल आहेत. पुसद, उमरखेड, दिग्रसची पश्चिमेकडची फाइल, तिच्या पीआरजेमध्ये (सीआरएस सांगणारी जोडफाइल) यूटीएम झोन ४३ (६-६ अंशांचे पट्टे करून मीटरमध्ये मोजायची पद्धत) लिहिलंय आणि ती बरोबर जागेवर बसते. वणी, मारेगाव, झरी जामणीची जी फाइल आहे तिला पीआरजेच नाही, ज्या ऑफिसातून मिळाली तिथे विचारलं तर कुणाला माहीत नाही. एक्स (पूर्व-पश्चिम) २ लाख २० हजार ते ३ लाख आणि वाय (उत्तर-दक्षिण) २१ लाख ७० हजार ते २२ लाख ४० हजार आहे, म्हणजे आकडे मीटरमध्ये आहेत एवढं कळतं. पश्चिमेकडच्या फाइलसारखा झोन ४३ दिला तर वणीची गावं थेट पालघर जिल्ह्यात तलासरी-डहाणूकडे जाऊन पडतात आणि झरीची काही समुद्रात!

आणि सगळ्यात जास्त डोकं खातोय तो नाल्यांचा लेयर. जुन्या टोपोशीटवरून (छापील सर्वेक्षण नकाशावरून) कुणीतरी डिजिटाइझ केलेला, पीआरजे ४३२६ म्हणते, एक्स्टेंट एकदम बरोबर, पण झूम केलं की सगळे नाले शंभर-दीडशे मीटर पूर्वेला आणि थोडे दक्षिणेला सरकलेले. विहीर नाल्याच्या कुठल्या काठावर आहे हेच चुकतंय आणि आमचा अख्खा हिशोब त्याच्यावर आहे. एक्स्टेंट बरोबर असून असं कसं होतं? जाणकारांनी प्लीज सांगा, घाईघाईत हाताने सरकवून गावांना चुकीचा नकाशा द्यायचा नाहीये.

प्रतिसाद

वणीवाली फाइल झोन ४४ मधली आहे, जवळपास खात्रीने सांगतो. ७८ पूर्व रेखांशावर झोन बदलतो आणि ती रेघ तुमच्या जिल्ह्याच्या मधून जाते, यवतमाळ शहर ७८.१ च्या आसपास आहे. प्रत्येक झोनच्या मधल्या रेखांशाला एक्स ५ लाख धरतात, ४३ ला तो ७५ आणि ४४ ला ८१. म्हणून यवतमाळ शहराचा एक्स ४३ मध्ये सव्वाआठ लाखाच्या घरात येतो आणि ४४ मध्ये २ लाखाच्या घरात, वाय मात्र दोन्हीकडे जवळपास सारखाच, त्यामुळे वाय बघून झोन कधीच कळणार नाही. झोन चुकला की गाव बरोबर ६ अंश पश्चिमेला जातं, वणीतून ६ वजा करा, तलासरीच येतं.

त्या फाइलला आधी सेट लेयर सीआरएसने ३२६४४ (झोन ४४ चा नंबर) द्या, आकडे बदलत नाहीत, फक्त आकडे कशातले आहेत ते सांगितलं जातं. मग रिप्रोजेक्ट लेयर, तिथे आकडे खरंच बदलतात. या दोघांत लोक गल्लत करतात आणि मग आधीच मीटरमध्ये असलेल्या फाइलवर ४३२६ चं लेबल लागतं. नंतर सगळं एकाच झोनमध्ये आणा, पुसद ४४ मध्ये ओढलं तरी किलोमीटरमागे मीटर-सव्वामीटरचाच फरक पडतो, तुमच्या कामाला चालेल.

नाल्यांचं दुखणं वेगळं आहे. जुन्या टोपोशीट एव्हरेस्ट १८३० या पृथ्वीच्या लंबगोलावर आहेत, डेटम (मोजणीचा आधार) कल्याणपूर. तो लंबगोल जीपीएसच्या डब्ल्यूजीएस ८४ पेक्षा मोठ्या अर्ध्या अक्षात साधारण ८४०-८६० मीटरने लहान आहे आणि त्याचं केंद्रही वेगळीकडे. अंशातले आकडे दोन्हीकडे सारखेच दिसतात, म्हणून डिजिटाइझ करणाऱ्याने सरळ ४३२६ लावून टाकलं असणार. अंशाच्या हजाराव्या भागाएवढी चूक एक्स्टेंटमध्ये तुम्हाला दिसणार कशी? त्या लेयरला कल्याणपूर १९७५, म्हणजे ४१४६ सेट करून मग ४३२६ मध्ये रिप्रोजेक्ट करून बघा. ताळा घेताना नाल्याचं वळण धरू नका, नाला पात्र बदलतो, जुना रेल्वे पूल किंवा रस्त्यांचा चौक धरा आणि जिल्ह्याच्या दोन्ही टोकांना धरा.

धागाकर्ता

खूप आभार! ३२६४४ दिल्यावर वणी जागेवर आली. नाल्यांचं ४१४६ करून वणीकडच्या रेल्वे पुलावर तपासलं, तिथे छान बसतंय, पुसदकडचा चौक अजून बघायचाय. अजून एक, पाणलोटाचं क्षेत्रफळ बॅकग्राउंड नकाशाच्या सीआरएसमध्ये, म्हणजे ३८५७ मध्ये काढलं तर चालेल का?

प्रतिसाद

अजिबात नको. ३८५७ मध्ये तुमच्या अक्षांशाला क्षेत्रफळ १३-१४ टक्क्यांनी जास्त येतं. ३२६४४ मध्येच काढा, आणि पुसदचा चौक बघितल्याशिवाय नकाशे छापायला देऊ नका.